घरी कपडे शिवताना: माप, बेत आणि माया

घरी कपडे शिवायला घेणाऱ्यांचे सगळे लक्ष सुरुवातीला मशीनकडे असते. टीप सरळ येते का, दोरा तुटतो का, याचीच काळजी जास्त असते. प्रत्यक्षात कपडा अंगाला बसणार की नाही हे मशीनवर बसण्यापूर्वीच, हातात टेप, खडू आणि कात्री असताना ठरून गेलेले असते. चुकलेली टीप दहा मिनिटांत उसवता येते; मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईत, दोन सेंटीमीटर जास्त गेलेली कात्री परत घेता येत नाही. म्हणून या लेखात शिवण्याइतकीच जागा माप घेण्याला आणि बेतण्याला दिली आहे, आणि त्यातही माझा विशेष भर मायेवर आहे. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो. वाढत्या मुलांच्या कपड्यांत ती जितक्या विचाराने ठेवावी तितके जास्त दिवस तो कपडा अंगावर राहतो.

साधने आणि मशीनची तयारी

कापडाची कात्री वेगळी ठेवावी आणि तिने कागद कधीही कापू नये, कारण कागदाने धार लवकर बोथट होते आणि बोथट कात्री कापड कापण्याऐवजी चावते. टेप साधारणपणे १५० सेंटीमीटरची असते. जुनी कापडी टेप वापरून ताणली जाते, तेव्हा अधूनमधून ती लाकडी किंवा लोखंडी पट्टीशी ताडून पाहावी. याशिवाय खडू, टाचण्या, मापे काढायला वर्तमानपत्राचा किंवा खाकी कागद, टाके उसवायचे छोटे हत्यार आणि इस्त्री एवढे असले की काम सुरू करता येते.

सुईच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. सुईवरचा ७०, ८०, ९०, १०० हा आकडा तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे ८० क्रमांकाची सुई ०.८ मिलिमीटर जाड असते. तलम मलमलीला ७०, नेहमीच्या सुती कापडाला ८० किंवा ९०, आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १०० ही सुई चालते. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, कारण ती धाग्यांच्या मधून वाट काढते. टोकदार सुई धागाच तोडते आणि मग तिथून कापड उसवत जाते. सुई बसवताना तिच्या एका अंगाची लांब खाच आणि दुसऱ्या अंगाची सपाट बाजू नीट पाहावी. दोरा खाचेच्या बाजूने आत जातो आणि सपाट बाजूने बाहेर येतो. हे उलटे झाले तर टीप पडतच नाही किंवा मध्येच सुटते.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा बहुतेक जण बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण कारण सहसा वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खाली टेकलेला असताना दोरा ओवला तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही आणि खाली सैल सुटत राहतो. पाय वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवला की बहुतेक वेळा गुंता थांबतो. नेहमीच्या शिवणीसाठी टाक्याची लांबी २.५ मिलिमीटर ठेवावी, चुण्यांसाठी ४ मिलिमीटर, आणि प्रत्येक नव्या कापडावर काम सुरू करण्यापूर्वी त्याच कापडाचा तुकडा दुहेरी करून त्यावर टीप मारून पाहावी.

कापड

सुती कापड बेतण्यापूर्वी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. पहिल्या धुण्यात ते उंचीला ३ ते ५ टक्के आटू शकते, म्हणजे ६० सेंटीमीटर लांबीचा पायजमा दोन-तीन सेंटीमीटरने तोकडा होतो. ज्या पाण्यात आणि ज्या पद्धतीने तो कपडा पुढे धुतला जाणार आहे, त्याच पद्धतीने कापड आधी धुवावे, नाहीतर धुतल्याचा फारसा उपयोग होत नाही.

त्यानंतर धाग्याची दिशा पाहावी. किनारीला समांतर जातो तो उभा धागा, पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दिशेने जातो तो आडवा, आणि या दोन्हींना ४५ अंशांत छेदणारी दिशा म्हणजे उरेब. उभ्या धाग्यावर कापड सर्वांत कमी ताणते, उरेबावर सर्वांत जास्त. शरीराची उंची ज्या दिशेने जाते त्या दिशेने उभा धागा येईल असेच भाग मांडावेत. थोडे कापड वाचवण्यासाठी एखादा पाय तिरका बेतला, तर शिवताना काही जाणवत नाही, पण दोन-तीन धुण्यांनंतर तो पाय पिळल्यासारखा वळतो आणि शिवण नडगीवर येते. हा दोष मागाहून दुरुस्त होत नाही. गळ्याची पट्टी मात्र मुद्दाम उरेब कापावी, कारण ती वळणावर न चुरगळता बसली पाहिजे.

मखमलीसारख्या लव असलेल्या कापडावर हात फिरवून लव कोणत्या दिशेने बसते ते पाहावे आणि सगळे भाग एकाच दिशेने मांडावेत. छापील नक्षीत फुले किंवा प्राणी उभे असतील तर तीच काळजी घ्यावी, आणि अशा वेळी कापड थोडे जास्त लागते हे आधीच धरावे. सॅटिन, जॉर्जेट यांसारखी निसरडी कापडे हात बसेपर्यंत बाजूला ठेवलेली बरी.

माप घेताना

मुलांचे माप ते खेळून दमल्यावर किंवा गोष्ट ऐकत उभे असताना घ्यावे. श्वास रोखून ताठ उभ्या राहिलेल्या मुलाचे माप खरे नसते. छाती, कंबर, बैठकीचा घेर, खांदा, बाहीची लांबी, कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची एवढी मापे लिहून घ्यावीत आणि त्यांच्याशेजारी तारीख घालावी. तारखेचा उपयोग पुढच्या वेळी कळतो: तीन-चार वर्षांच्या पुढे, वयात येईपर्यंत, मुलांची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते, पण घेर त्या मानाने फार सावकाश वाढतात. म्हणूनच मुलांचा कपडा सहसा आधी तोकडा होतो आणि मग घट्ट.

मुलांच्या मापांत एक माप बहुतेक वेळा राहून जाते, ते म्हणजे डोक्याचा घेर. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटर असतो, वर्षाच्या सुमारास तो ४६ च्या आसपास जातो, आणि पाच वर्षांच्या मुलाचा ५० च्या पुढेमागे असतो. मान मात्र त्याच्या निम्म्याइतकीच असते. माझ्या मुलीच्या चौथ्या वर्षी मी शिवलेल्या पहिल्या फ्रॉकचा गळा मानेला अगदी सुरेख बसेल असा ४२ सेंटीमीटरचा ठेवला होता आणि पट्टीही नीट लागली होती. पण तिचे डोके ५० सेंटीमीटरचे होते, आणि फ्रॉक कपाळावरच अडकला. ती रडायच्या बेताला आली, तेव्हा तो उलट्या दिशेने काढून मी मागच्या बाजूला मध्यावर ६ सेंटीमीटरचा काप दिला, त्याला पट्टी लावली आणि वर एक लूप व बटण शिवले. कापाच्या दोन्ही कडा उघडत असल्यामुळे ६ सेंटीमीटरच्या कापाने गळ्याचा घेर १२ सेंटीमीटरने वाढतो; ४२ चा ५४ झाला आणि डोके सहज निघाले. तेव्हापासून गळा बेतण्यापूर्वी मी हा हिशेब कागदावर करते.

स्वतःचे माप स्वतः घेऊ नये. हात वर केला की छातीचा घेर बदलतो, खाली वाकून पाहिले की कंबर बदलते. कुणाला तरी टेप धरायला सांगावे आणि जे माप येईल तेच लिहावे; मनातले, दोन वर्षांपूर्वीचे माप लिहू नये. अंगाच्या मापात मग सैलपणा मिळवावा लागतो. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला छातीच्या घेरात ८ ते १० सेंटीमीटर सैलपणा पुरेसा होतो. सैलपणा आणि माया या गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये: सैलपणा कपडा घातल्यावर अंगाभोवती असतो, माया शिवणीच्या आत दुमडलेली असते.

पहिला कपडा: मुलाचा पायजमा

सुरुवात पायजम्याने करावी. त्याला गळा नाही, बाही नाही, काज-बटण नाही, आणि थोडा सैल-घट्ट झाला तरी इलास्टिक सांभाळून घेते. मापावरून आकृती काढण्यापेक्षा मुलाला नीट बसणारा एक जुना पायजमा घेणे सोपे जाते. तो एक पाय दुसऱ्या पायात घालून घडी करावा, कागदावर सपाट ठेवावा, कमरेचे इलास्टिक पूर्ण ताणून धरावे आणि कडेने पेन्सिल फिरवावी. एकदा पुढची बाजू वर ठेवून आणि एकदा मागची बाजू वर ठेवून असे दोनदा करावे, कारण दोन्ही आकार सारखे नसतात. मागचा भाग कमरेला २ ते ३ सेंटीमीटर उंच असतो आणि दोन पायांमधल्या शिवणीची मागची गोलाई अधिक खोल व लांब असते. पुढचा आणि मागचा भाग सारखाच कापला, तर मूल खाली बसले की पायजमा पाठीमागून खाली ओढला जातो.

कागदी आकाराभोवती आता माया मिळवावी. पायांच्या शिवणींना १.५ सेंटीमीटर, कमरेला इलास्टिकच्या रुंदीपेक्षा सुमारे दीड सेंटीमीटर जास्त, आणि खाली घोट्याशी ६ ते ७ सेंटीमीटर. खालची ही माया हेच पायजम्याचे आयुष्य आहे. उंचीतली वाढ पायांत आणि धडात वाटली जाते, त्यामुळे पाच सेंटीमीटरची राखीव माया वर्षभर सहज निभावते.

शिवण्याचा क्रम असा ठेवावा. कापडाच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण मारावी, म्हणजे दोन सुट्या नळ्या तयार होतात. मग त्यातली एक नळी सुलट करावी आणि दुसऱ्या उलट्या नळीच्या आत सरकवावी. आता दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींना लागलेल्या असतात आणि दोन पायांमधली गोलाई एकाच सलग रेषेत समोर येते. पायांच्या आतल्या शिवणी एकमेकींवर जुळवून तिथे पहिली टाचणी लावावी, मग पुढच्या व मागच्या कमरेला, आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत न थांबता टीप मारावी. पायजमा उसवतो तो इथेच, त्यामुळे या गोलाईवर दोन-तीन मिलिमीटर आत दुसरी टीप अवश्य घालावी. नळीत नळी घालण्याची ही कृती वाचताना अवघड वाटते, पण एकदा हाताने केली की कायमची लक्षात राहते.

कमरेला कापड आधी पाऊण सेंटीमीटर दुमडून, मग इलास्टिकच्या रुंदीपेक्षा अर्धा-पाऊण सेंटीमीटर जास्त दुमडून नेफा करावा आणि मागच्या बाजूला ५ सेंटीमीटर जागा उघडी ठेवून टीप मारावी. इलास्टिक कमरेच्या मापापेक्षा ४ सेंटीमीटर कमी धरावे आणि टोके एकमेकांवर चढवण्यासाठी २ सेंटीमीटर मिळवावे. ५४ सेंटीमीटर कमरेला ५२ सेंटीमीटरचा तुकडा कापावा. सेफ्टी पिन लावून तो नेफ्यातून ओवावा, पण टोके पक्की शिवण्यापूर्वी पायजमा मुलाला घालून पाहावा. पोटावर वळ उठत असेल तर इलास्टिक सैल करावे, मापाचा आकडा काहीही म्हणो.

फ्रॉक आणि चुण्या

फ्रॉकच्या घेराला कमरेच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावे. तलम कापडाला दुप्पट शोभते, जाड कापडाला दीडपटीहून जास्त घेतले तर कमरेशी गोळा जमा होतो. चुण्यांसाठी ४ मिलिमीटरच्या लांब टाक्यांच्या दोन समांतर टिपा माराव्यात, एक शिवणीच्या रेषेच्या वर आणि एक खाली. एकाच टिपेवर चुण्या ओढल्या तर त्या लोळतात, दोन टिपांमध्ये त्या उभ्या राहतात. घेराचे आणि वरच्या भागाचे चार-चार समान भाग करून खुणा कराव्यात, खुणेला खूण जुळवून टाचावे आणि मगच खालचे दोरे ओढून चुण्या सारख्या पसराव्यात.

खालच्या घडीच्या वर एक सेंटीमीटर खोलीच्या दोन आडव्या टक्स, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या पट्ट्या, घातल्या तर त्या सुंदर दिसतात आणि कामालाही येतात. प्रत्येक टक उसवली की फ्रॉक २ सेंटीमीटरने लांब होतो. जुन्या घडीच्या जागी फिकट रेघ राहतेच; ती झाकायला तिच्यावरून अरुंद फीत किंवा रंगीत दोऱ्याचा धावदोरा घालावा. मुलीला तो नवाच फ्रॉक वाटतो.

गळ्याला ३.५ सेंटीमीटर रुंदीची उरेब पट्टी लावावी. वळणावर ती किंचित ओढून धरावी, म्हणजे गळा सुटून उभा राहत नाही. पट्टी आत वळवण्यापूर्वी शिवणीच्या आतल्या कापडाला गोलाईवर टिपेच्या जवळपर्यंत छोटे छोटे काप द्यावेत. ते दिले नाहीत तर कितीही इस्त्री केली तरी गळा सपाट बसत नाही.

स्वतःचा कुर्ता

स्वतःसाठी शिवताना चांगल्या कापडाला एकदम हात लावू नये. जुन्या चादरीचा नमुना आधी शिवावा, तोही लांब टाक्यांनी, आणि घालून आरशासमोर उभे राहावे. कापडावर पडणाऱ्या तिरक्या ओढी नेहमी घट्ट जागेकडे बोट दाखवतात. छातीपासून काखेकडे ओढ असेल तर छातीला कापड कमी आहे. बैठकीच्या वर आडव्या वळ्या जमत असतील तर तिथला घेर कमी पडल्यामुळे कुर्ता वर सरकतो आहे. मानेपासून काखेकडे सैल झोल उतरत असेल तर खांदे उतरते आहेत, आणि खांद्याच्या शिवणीत बाहीकडच्या टोकाला थोडे कापड दाबले की झोल नाहीसा होतो. या प्रत्येक दुरुस्तीची खूण नमुन्यावर खडूने करावी, नमुना उसवावा आणि त्यावरून कागदी आकार सुधारावा. या एका दिवसाच्या कामावर पुढचे कित्येक कुर्ते निघतात.

मुंढा बेतताना पुढचा मुंढा मागच्यापेक्षा एक-दीड सेंटीमीटर अधिक खोल घ्यावा, कारण हात पुढे जास्त हलतात आणि मागे पाठीला जागा लागते. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्यापेक्षा दोनएक सेंटीमीटर जास्त असावी. हे जास्तीचे कापड खांद्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत बसवायचे असते, काखेजवळ नाही. नवशिक्यांनी कुशीच्या शिवणी मारण्यापूर्वीच बाही सपाट जोडून घ्यावी: आधी खांदे जोडावेत, मग बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टाचावा, दोन्ही टोके काखेशी जुळवावीत, बाही शिवावी आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कुशीच्या खालपर्यंत एकच टीप मारावी. बाहीची पुढची बाजू कोणती हे कापतानाच खडूने लिहून ठेवावे. डावी बाही उजवीकडे लागली की हात पुढे नेताना काखेत कापड रुतते.

छातीला डार्ट, म्हणजे उभारासाठी कापडात घेतलेली टोकाकडे निमुळती होणारी चिमटी, घ्यायचा असेल तर त्याचे टोक छातीच्या सर्वांत उंच बिंदूच्या २ ते ३ सेंटीमीटर अलीकडेच संपवावे. टोकाशी मशीन मागे-पुढे न करता दोरे लांब सोडून हाताने गाठ मारावी, म्हणजे टोकावर कापड फुगत नाही.

एका शिवणीवरून दुसरी शिवण जाणार असेल तर पहिलीवर आधी इस्त्री फिरवावी. इस्त्री कापडावरून घासत नेण्याऐवजी उचलून ठेवत, उचलून ठेवत पुढे न्यावी. घासल्याने वळणे आणि उरेब कडा ताणल्या जातात. घरी शिवलेला कपडा ओबडधोबड दिसतो त्याचे कारण बहुतेक वेळा टीप नसून न केलेली इस्त्री असते.

लहान मुलांसाठी आणखी काही

मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी लावू नये. घसरगुंडीत किंवा दारात अडकलेल्या नाडीने फास बसू शकतो. म्हणूनच युरोपातील ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत डोक्यापाशी आणि गळ्यापाशी नाडी वर्ज्य मानते. बाळाच्या कपड्याला बटणाऐवजी आतल्या बाजूने बांधायचे आखूड बंद किंवा पक्के बसवलेले टिचबटण वापरावे. बटण लावायचेच तर चार भोकांचे, दुहेरी दोऱ्याने, आणि लावून झाल्यावर जोरात ओढून पाहिलेले. तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या शिवणी आतून टोचतात, तेव्हा माया सपाट दुमडून तिच्यावरून टीप मारावी, म्हणजे दोऱ्याची टोके अंगाला लागत नाहीत.

बेतून उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा टाकून देऊ नये. पायजम्याच्या आत, नेफ्याच्या खाली तो चार टाक्यांनी शिवून ठेवावा. तो कपड्याबरोबर धुतला जातो आणि त्याच्यासारखाच विटतो, त्यामुळे पुढे गुडघ्याला ठिगळ लावायची वेळ आली की त्याचा रंग बरोबर जुळतो.